पाटवडीपुरतं बेसन

जया : हळू, मावशी, हळू! कडी नका वाजवू. आली ना मी.

सिंधुताई : जय भीम, जया. अवं, बेल दाबून दाबून बोट दुखलं माह्यं. बिघडली का तुही बेल?

जया : बिघडली नाही. तारच काढून ठेवली. हे निजले आहेत आत. नाईट करून आले.

सिंधुताई : असं का. बरं झालं मंग, बेल वाजली नाही. निजू दे बापा त्याले. हा घे डबा. चण्याची डाळ हाय, कालच उन्हात घातली होती. पाटवडीपुरतं बेसन काढून दे, बस्.

जया : मावशी, फाटकावरची पाटी नाही पाहिली?

सिंधुताई : पाहिली ना. ‘चक्की चार वाजल्यानंतर.’ अक्षर तुह्या साक्षीचं हाय ना? सुरेख लिहिते पोट्टी. पण थे गिऱ्हाईकाईसाठी हाय.

जया : आणि तुमी?

सिंधुताई : मी गिऱ्हाईक हाव का तुही?

जया : तसं नाही म्हणत मी. पण मशीन लावली की घरभर घरघर होते. दोनच तं खोल्या. इकडे मशीन, भिंतीच्या पलीकडे यांचा पलंग.

सिंधुताई : मंग हळू लाव.

जया : मशीन हळू नाही लागत, मावशी. चालली तं चालली, नाही तं बंद.

सिंधुताई : पाच मिनिटाचं काम. किलोभर डाळ हाय फक्त.

जया : चार वाजता एकदम ताजं काढून देते. साक्षीच्या हातानं पाठवते घरी.

सिंधुताई : चार वाजता मी काय करू त्याचं? प्रितम येऊन राहिला जेवाले. साडेबारालेच येते. जेवून सीधा सेकंड शिफ्टले जाते थो. बोरसीवरून खास वाट वाकडी करून येऊन राहिला, म्हणते, आई, तुमच्या हातची पाटवडी खाऊन महिना झाला. जावई तोंडानं मागते वं! याच्यापेक्षा मोठं काय असते?

जया : माझ्या डब्यात बेसन आहे. ते घेऊन जा ना. सगळंच घेऊन जा.

सिंधुताई : तुह्यं बारीक असते. बारीक बेसनाची पाटवडी रश्श्यात विरघळते.

जया : बाजारातली चक्की चालू असंन आता.

सिंधुताई : त्याच्या चक्कीत थो आधी मक्का दळते, मंग आपलं दळते. मले त्याचं पीठ पचत नाही. आणि लोकं काय म्हणतीन? जयाची चक्की दोन घरं सोडून, आणि सिंधू बाजारात गेली. भांडण झालं का म्हणतीन.

जया : हळू बोला ना, मावशी.

सिंधुताई : हळूच बोलून राहिली मी. माहा आवाजच तसा हाय. आमचे हे रेल्वेत होते, पटरीच्या बाजूले क्वार्टर. तीस वर्षं गाडीच्या आवाजाच्या वर बोलली मी.

जया : सकाळपासून तुमी तिसऱ्या. साडेआठले केवलराम आला, स्कूटरवर गव्हाची बोरी. फाटकासमोर हॉर्न वाजवत राहिला. पाटी दाखवली तं म्हणते, भाभी, आ गया हूँ तो ले ही लो. मग मोना आली, तिचं तं लेकरूच रडून राहिलं होतं. आमच्या याईनं सात वाजता अंग टाकलं, तेव्हापासून दोन घंटे सलग झोप नाही झाली.

सिंधुताई : लोकाईले बिलकुल अक्कल नाही! नाईट करून आलेल्या माणसाच्या दारात हॉर्न वाजवते? तू नाही म्हणत जा, जया. तू लय भोळी हायस. तोंडावर म्हणाव, नाही म्हणजे नाही. आपण धंदा केला म्हणजे घर नाही विकलं.

जया : म्हणू?

सिंधुताई : म्हण ना! भेतेस कावून?

जया : मग मावशी, आज नाही दळत.

सिंधुताई : मले म्हणून राहिली?

जया : हो.

सिंधुताई : बरं.

जया : रागावू नका.

सिंधुताई : मी कावून रागावू? तुही चक्की हाय, तुह्या मर्जीचं काम. मीच म्हटलं होतं घे म्हणून. विहारात महिला मंडळात उभी राहून सांगितलं मी, आता सगळ्याईनं जयाकडेच दळाचं. पहिला डबा माहा होता. साक्षीच्या जन्माच्या वेळी सेक्टरच्या दवाखान्यात बाकावर मी बसली होती, तेव्हा कोणी पाटी नाही लावली, सिंधू चारच्या नंतर येजो. जाऊ दे. थे दिवस गेले. दे डबा वापस.

जया : असं नका बोलू, मावशी. तुमचं काहीच विसरली नाही मी. पाय धरते तुमचे.

सिंधुताई : पाय नको धरू. डाळ तेवढी दळ.

जया : कसं सांगू तुमाले... याईचा डोळा लागला होता.

सिंधुताई : लागू दे ना. बरंच झालं.

जया : इथं नाही. कारखान्यात, क्रेनवर. परवा रात्री.

सिंधुताई : अगं माय!

जया : वर केबिनमध्ये बसले होते, आणि खाली हुकाले ते मोठं भांडं, वितळलेल्या लोखंडानं भरलेलं. खालचा माणूस शिट्टी वाजवून राहिला, थांब म्हणून. एक वाजवली, दोन वाजवल्या. याईले ऐकूच नाही आली. तिसऱ्या शिट्टीले डोळे उघडले. खाली चार माणसं उभी होती, मावशी. मले भीती वाटते. रोज ते डबा घेऊन निघाले की मी फोन हातात घेऊन बसते. म्हणून तार काढली बेलची, म्हणून पाटी लावली. मले चक्कीचा कंटाळा नाही आला. मले फक्त याईले झोपू द्याचं आहे.

(आतून खोकल्याचा आवाज येतो. जया आतलं दार ओढून घेते.)

सिंधुताई : एवढं झालं आणि तू मले आता सांगते? सख्खी मावशी असती तं सांगितलं नसतं का? थांब. आजच प्रितमले सांगतो.

जया : काय?

सिंधुताई : प्रितम सुपरवायझर हाय ना तिथं! नरेश त्याच्याच हाताखाली हाय. जेवता जेवता सांगतो, आमच्या नरेशले महिनाभर नाईट देऊ नको, डोळा लागते त्याचा. माहा शब्द खाली नाही पडू देत थो.

जया : नाही, मावशी! त्याले नका सांगू!

सिंधुताई : अवं, भल्यासाठीच सांगून राहिली.

जया : क्रेनवर डोळा लागला हे समजलं तं क्रेनवरून उतरवतीन. ठेक्याचं काम आहे, पक्की नोकरी थोडीच आहे? गेटपास काढून घेतीन. याईनं मले शपथ घातली होती, कोणालेच बोलायचं नाही. आणि मी तुमालेच... मीच बोलून बसली.

सिंधुताई : प्रितम तसा नाही.

जया : तसा नसंन. पण त्याच्यावर साहेब आहे, साहेबावर साहेब आहे. उद्या काही झालं तं त्याले विचारतीन, तुले माहीत होतं का? तो कसा गप्प राहीन?

सिंधुताई : मंग प्रितमले दुसरं काही सांगू का? तब्येत बरी नाही म्हणू?

जया : काहीच नका सांगू. काहीच नका. द्या तो डबा. जाडसर पाहिजे ना?

सिंधुताई : राहू दे, राहू दे. त्याले निजू दे. मी बाजारात जातो.

जया : नाही, द्या. मी दळते. दोन मिनिटं लागतीन.

सिंधुताई : तू लडून राहिली का, जया? पूस डोळे, डाळीसाठी नको लडू वं.

नरेश : (आतून येत) डबा इकडे दे.

जया : तुमी कावून उठले?

नरेश : निजलो कुठं होतो? कडी वाजली तेव्हाचा जागाच आहे.

सिंधुताई : आमच्या बोलण्यानं उठला का, बापू?

नरेश : नाही, मावशी. गरमी होती. जय भीम. बसा ना, उभ्या कावून?

जया : तुमी आत जा. मी करते.

नरेश : पाटवडीले जाळी बदलावी लागते. तुले नाही जमत ते. पाना कुठं आहे?

जया : मशीनच्या मागं.

नरेश : मावशी, ते क्रेनचं...

सिंधुताई : नाव नको काढू, बापू. काहीच नाही ऐकलं मी. माह्या पोटात गेलं म्हणजे विहिरीत गेलं. विहारात कोणालेबी इचार. मोनाचा नवरा तिले सोडून गेला, वर्ष झालं, मले पहिल्या दिवशी माहीत होतं. काढलं का तोंडातून?

जया : मोनाचा नवरा सोडून गेला?

सिंधुताई : गेला ना, रायपूरले दुसरं घर केलं त्यानं. तू कोणाले सांगजो नको.

जया : नाही सांगत.

नरेश : लावतो मशीन.

सिंधुताई : एक मिनिट, बापू. आता उठलाच हायस तं एक सांगू का? घरी गहू पण निवडून ठेवला हाय. पाचच किलो. नाही तं चार वाजता पुन्हा तुमालेच तकलीफ.

जया : मावशी...

नरेश : घेऊन या.

सिंधुताई : पाह्य, याले म्हणते माणूस. ही गेली आणि ही आली. आणि जेवणाची चिंता नको करू, जया. चार पाटवड्या नरेशसाठी पाठवतो. आमच्या प्रितमबरोबरच जेवला असता, पण त्याले निजायचं हाय ना.

जया : गेली मावशी. माफ करा मले. माझ्या तोंडातून कसं निघालं, मलेच नाही समजलं.

नरेश : दहा नंबरचा पाना दे.

जया : बोला ना मले. रागवा तरी.

नरेश : तुले काय बोलू? ठेकेदार म्हणे, माणूस कमी आहे, सलग नाईट कर. बारावी आहे आजची. मी म्हटलं का त्याले नाही?

जया : मावशी सांगन प्रितमले. जेवता जेवताच सांगन.

नरेश : सांगन.

जया : मग?

नरेश : मग काय. डाळ चांगली आहे. किडी नाहीत.

जया : तुमी जरासे पडा. ती गहू मोजून येईपर्यंत दहा मिनिटं तं लागतीन. तेवढीच पाठ टेका. मी इथं उभी राहते.

नरेश : पडतो. तू एक कर.

जया : काय?

नरेश : फाटक उघडंच ठेव. कडी वाजवावी नाही लागणार तिले.