टिकाऊ पकड

आप्पासाहेब : काठी न्हाय, जोतीराम, गोल्फचा क्लब म्हणायचं. आन पंक्चर काढायचं न्हाय, मूठ बदलायची हाय.

जोतीराम : बरं, क्लब. पर बारामतीत सायकलीचं दुकान टाकल्यापासनं असली मूठ पयल्यांदाच बघतोय. रबर पार वाळलंय की. उन्हात ठिवलं व्हतं का?

राजेश्वरी : जीपमध्ये ठेवतात. मागे, लोकांना दिसेल असे.

आप्पासाहेब : तू बाजाराला आलीयास न्हवं? मग पिशव्या सांभाळ.

राजेश्वरी : पुण्यातल्या रिटायर कर्नलकडून सेट घेतला, तेव्हाच म्हटलं होतं, अहो, रबराला तडे गेलेत.

जोतीराम : पर सांगवीत ह्यो खेळ खेळता कुठं, आप्पासाहेब?

आप्पासाहेब : केबलवर बघायचा, घरामागं उसाच्या खोडव्यात प्रॅक्टिस करायची. मॅच पुण्याला. साखर कारखान्याचं आमी समदं डायरेक्टर आता गोल्फच खेळतो. चेअरमनसायबांना आवडतो न्हवं! मिटिंगीत नुसतं चा-बिस्कीट, ठरायचं ते तितं हिरवळीवर ठरतंय.

जोतीराम : मग बिघडलं कुठं?

राजेश्वरी : गेल्या रविवारी ह्यांनी क्लब फिरवला. चेंडू जागेवर राहिला, क्लबच हातातून सुटला आणि चेअरमनसाहेबांच्या पुढ्यात जाऊन पडला.

आप्पासाहेब : घामानं निसटला.

राजेश्वरी : इंदापूरकडचे डायरेक्टर दादासो तर हसून हसून खाली बसले.

आप्पासाहेब : त्याला व्हाइस चेअरमन व्हायचंय. मला बी व्हायचंय. ह्या रव्वारी परत सुटला, तर पद बी सुटलं म्हण.

जोतीराम : ही सायकलची मूठ बगा. बोटांच्या खाचा हायत.

आप्पासाहेब : ढिली हुतीया. आन आखूड. दुसरा हात कुठं ठिवू?

जोतीराम : मग क्रिकेटच्या बॅटचं रबर घ्या.

राजेश्वरी : गुलाबी?

जोतीराम : हिरवं बी हाय, वैनी.

आप्पासाहेब : दांडा बारीक पडतोय. आतल्या आत फिरतंय बघ.

जोतीराम : अस्सल माल मुंबईला. एका मुठीच्या किमतीत टायर-ट्यूब यील, आन माल याला म्हयना लागंल.

राजेश्वरी : रविवार परवा आहे.

जोतीराम : मग ऐका. जुनं रबर पात्यानं सोलतो, दांडा रॉकेलनं पुसतो, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळतो. घामानं सरकायची न्हाय.

आप्पासाहेब : चेअरमनसायबांनी इचारलं तर?

राजेश्वरी : इंपोर्टेड म्हणा. सोमवारी सगळे डायरेक्टर ह्याच दुकानात येतील.

आप्पासाहेब : गुंडाळ एकाला. बघू.

(थोड्या वेळाने. दुकानापुढे क्लब जोरात फिरल्याचा आवाज, मागोमाग काहीतरी कोसळते.)

आप्पासाहेब : सुटला न्हाय! बघितलंस? सुटला न्हाय!

राजेश्वरी : अहो, त्याचा हवेचा पंप पाडलात.

जोतीराम : पडू द्या, वैनी. मग समद्या क्लबांना हीच पट्टी ना? फकस्त एक सांगा. जुन्या ट्यूबची लावली तर चार-सा म्हयनं टिकंल. नव्या ट्यूबची लावली तर चार-दोन वर्सं बघाया नको.

आप्पासाहेब : निवड पुढच्या म्हयन्यात हाय. जुनीच लाव.

राजेश्वरी : आणि दादासोच झाले तर?

जोतीराम : काय करू, आप्पासाहेब?

आप्पासाहेब : नवी लाव. तवा दुसरं काय असनार हाय हातात?