ठसा

— तुमी पोरीचे बाप, इचारणारच की. बसा. मोहोळास्नं एवढ्या उन्हाचं आलाय, पोरगा जहाजाच्या कारखान्यात नेमकं करतो काय, ते कळाय नको? आता मी नव्या पेठेत कापडाचे गठ्ठे वाहिलेला माणूस, सहीच्या जागी अंगठा उठवणारा, मला जहाज काय ठावं? पर तिरंबकनं एकदा समजावलं हुतं. दुष्काळाच्या साली नोकरी लागली तवा. जहाज लोखंडी पत्र्याचं असतंय. कुटला पत्रा चालंल, कुटला न्हाय, ते बघायचं काम आमच्या तिरंबकचं. पत्र्याचा तुकडा कापायचा, बर्फात गार करायचा, अन् वरनं घण सोडायचा. वाकला तर चिवट — घ्या. काचेवानी तुटला तर आख्खा ढीग माघारी. गार दर्यात असलं लोखंड तडकतंय म्हणं. त्यानं ठसा मारल्याबिगर पत्रा जहाजाला लागत न्हाय. लई मोठं काम. व्हय की.

रजा? व्हय, रजेवरच आलाय — त्या बांगड्या वाजल्या न्हवं आत, ती तिरंबकची आई. मी जादा बोलाय लागलो की वाजवती. रजेवर आलाय, एवढंच बोला म्हणून बजावलंय मला. दिवाळीला आला. आता चैत निघाला. लांबली रजा. लांबलीच म्हणायची. तुमची वच्छला फोटोत हसतीया, न्हाय का? आमची ही म्हणती, बायको आली की माणूस माणसात येतो. येतो का हो? तुमी चार लग्नं बघितली असतील. मला न्हाय वाटत. — आजारी न्हाय हो. दारूला शिवत बी न्हाय. झालं काय, की तुकडे तुटले. पुन्यांदा कापले, पुन्यांदा तुटले. वरचा सायब म्हणाला, जहाज पाण्यात सोडायचा दिस ठरलाय, मोठी माणसं बोलावलीत, ह्या खेपेला मार ठसा. मारला ह्यानं. नोकरी हाय, काय करंल? जहाज गेलं. गारठ्याच्या मुलखात जाऊन उभं चिरलं. माणसं हुती त्यात. ह्याला कुणी शबुद बोललं न्हाय, उलट सायबाच्या तारा येत्यात, कामावर ये म्हणून. पर हातच उचलत न्हाय त्याचा.

मगाशी तुमी वर येताना जिन्याखाली एक जण खांदा लावून उभा हुता, तुमी हमाल समजून पिशवी दिलीत त्याच्याकडं — न्हाय, न्हाय, लाजू नका — त्योच आमचा तिरंबक. कुणी चढाय लागलं की पळत जाऊन जिन्याला खांदा देतो. शेजारची मनकर्णा वरडती, "काय रं इंजिनेर, घरमालकानं तुला टेकू म्हणून ठिवलाय काय?" ह्यो हसत बी न्हाय. मी म्हणतो, बाळा, सागवानी जिना हाय, तुझ्या जल्माच्या आदुगरचा. तर म्हणतो, "आबा, तपासलाय का कुणी?" — वाजव गं, वाजव. पोरीच्या बापाला खोटं सांगून हिला सून पायजे. मला बी पायजे की. पर तुमची पोर उंबऱ्यात पाऊल टाकंल, अन् ह्यो उंबऱ्याला हात लावून बसंल. हसणं इसरून जाईल हो ती. मायबाप आमी हाव, आमचं चालतंय. तिनं काय केलंय?

— ये, ये तिरंबक, आत ये. हे? न्हाय रं, कुणी न्हाय. घर चुकून आलेत. निघालेत बग. — उठा पाव्हणं.