'काही होत नाही' म्हणायचं नाही!

...म्हणून मी म्हटलं, अगं, पण दर रविवारी मीच का मरायचं?

तुम्हाला सांगतो, करी रोडचं घर माझं, दिवाण माझा, रविवार माझा, आणि त्या दिवाणावर पेशंट म्हणून झोपायचं तेही मीच! का? तर आमची देविका, म्हणजे आमची हीच हो, सिस्टर म्हणून रिटायर झाली, पण स्वस्थ बसेल तर शपथ! नर्स लोकांसाठी पत्रिका काढली, 'सिस्टर बोलते'. पेशंटशी बोलायचं कसं, एवढंच त्यात. संपादक ही, सल्ला द्यायला हिची मैत्रीण बेबी सिस्टर, मोबाइलवर पानं लावायला वरच्या माळ्यावरची मनवा, ती अजून नर्सची ड्यूटी करते, आणि प्रत्येक वाक्य आधी म्हणून बघायचं कोणावर, तर... माझ्यावर! कधी माझा पाय मोडलेला, कधी कावीळ, परवा तर बाळंतपणसुद्धा झालं हो माझं!

मनवा म्हणणार, "काका, तुम्ही आता एकदम क्रिटिकल आहात हां, हसू नका!" बेबी सिस्टर मालवणकडची, ती त्यावर ओरडणार, "भावोजी, कण्हा हो जरा! पेशंट कधी इतको गप नसता!" आणि एकदा मनवा चुकून बोलून गेली, "काका, काही होत नाही." झालं! ही कडाडली, "'काही होत नाही' म्हणायचं नाही! काय होणार ते सांग, दुखणार असेल तर दुखेल म्हण, हात धर, पण खोटा धीर द्यायचा नाही!" तेव्हापासून दर अंकात, पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात... 'काही होत नाही' म्हणायचं नाही! मला झोपेत ऐकू यायला लागलं हो.

आणि एवढी सोंगं केल्यावर एक खरं निघालं की! लिफ्ट बंद, जिना चढताना छातीत कळ, मग तपासण्या, मग डॉक्टर म्हणाले, बायपास. मला? अहो, इंजेक्शन दिसलं की डोळे मिटणारा माणूस मी! हसता काय? घाबरलो होतो. खरंच घाबरलो होतो. परत हिच्या हातचा चहा मिळतोय की नाही, एवढंच डोक्यात.

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचरवर मी, शेजारी ही. मला वाटलं, आता व्यवस्थित सांगणार, आत गार वाटेल, घशात नळी असेल, जागे झालात तरी बोलता येणार नाही... मला पाठच होतं सगळं! पण ही नुसती माझी चादर सारखी करतेय, परत करतेय, आणि वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ढकललं तशी माझा हात घट्ट धरला, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि वर मलाच दटावते, "अहो, काही होत नाही तुम्हाला! कळलं? काही होत नाही!"

मी म्हटलं, "अगं... म्हणायचं नाही ना?"

"गप्प बसा!"

तुम्हाला सांगतो, तेवढ्या एका वाक्यावर मी आत गेलो. भीती गेली नाही, पण मी गेलो.

आलो की परत! म्हणून तर बडबडतोय. घरी आलो, जरा बरं वाटायला लागलं, रविवारी दिवाणावर टेकलो, तर तिघी हजर! बेबी सिस्टर खूश, "आता कसो अनुभवी पेशंट गावलो!" मी हळूच हिला म्हटलं, "अगं, खोकताना टाके ओढतात गं... काही होत नाही ना?" मला आपलं वाटलं, परत एकदा म्हणेल.

हिनं चष्मा वर केला. "दुखणार. उशी छातीशी धरून खोका. आणि 'काही होत नाही' म्हणायचं नाही!"

काय करणार? घेतली उशी, आणि लागलो कण्हायला.