तेल ह्यांचं, पाणी माझं

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे असं आजोबा सांगायचे, पण मी काही सातारा पाहिलेला नाही, माझा जन्म इंदूरचा, वडील इथल्या मिलमध्ये बाबू, घरात मराठी आणि दार उघडलं की हिंदी, म्हणून माझी भाषा अशी खिचडी, तुम्ही लिहिताना सुधारू नका हं. लग्न झालं तेव्हा हे लेथवर कामाला होते, मग सांवेर रोडला स्वतःचं शेड टाकलं, ट्रॅक्टरच्या मागे लावायची फवारणीची मशीन जोडून द्यायचं काम. मी डबा घेऊन जायची आणि तिथंच बसायची, बसता बसता शिकले, बस.

मशीन म्हणजे काय, तर औषधाच्या पाण्याची मोठी टाकी, आणि दोन्हीकडे पसरणारे लोखंडी हात, त्यांना खाली ओळीनं नोझल. लाइनी दोन. एक तेलाची, ट्रॅक्टरचं तेल असं जोरात येतं की ते हात उघडतात, मिटतात, वरखाली होतात. दुसरी पाण्याची, टाकीतून पंप आणि पंपातून नोझल. तेल ह्यांचं, पाणी माझं, अशी आमची वाटणी. मी आधी साधं पाणी भरून चालवायची, एकेका नोझलखाली मापाचा मग धरायची, सगळीकडे सारखं पडलं पाहिजे, नाहीतर शेतात पट्टे दिसतात, इथं पीक जळलं आणि तिथं अळी तशीच.

तर एकदा सांवेरकडच्या एका पटेलजींचं मशीन आलं होतं. सोयाबीनवर फवारणी अडलेली, ते बाहेर उभे, भिया जल्दी करो ना यार. मशीनचा एक हात वर टिकत नव्हता, हळूहळू खाली यायचा. हे म्हणाले पाइप कुठंतरी लीक आहे, आणि ट्रॅक्टर चालू असतानाच पाइपवरून बोटं फिरवली. एकदम मागे झाले. काय झालं म्हटलं, तर काही नाही गं, सुई टोचल्यासारखं झालं. बोट पाहिलं तर इतकासा ठिपका, रक्तसुद्धा नाही. पण आमचा पाइपवाला एकदा सांगून गेला होता, भाभी, बारीक छेदातलं ते तेल कातडीच्या आत शिरतं, दुखत नाही म्हणून माणूस घरी जातो आणि मग हात कापावा लागतो. त्याच्या मेव्हण्याचं तसंच झालेलं.

मी म्हटलं चला दवाखान्यात. हे म्हणतात वेडी झालीस का, गिऱ्हाईक उभं आहे, हळद लाव. काय सांगू तुम्हाला, भर शेडमध्ये भांडले मी. शेवटी पटेलजीच बोलले, भिया, फसल एक दिन रुक जाएगी, भाभी की सुनो, आणि आपल्याच गाडीत बसवलं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, प्रेशरचं तेल आत गेलंय, त्या तशाच उठल्या, म्हणाल्या बरं झालं लगेच आलात, आणि थेट ऑपरेशनला घेतलं. मी बाहेर बाकड्यावर, साडीला ग्रीस लागलेलं, पटेलजींनी चहा आणून दिला आणि शेजारी बसून राहिले. हात वाचला हो. एक बोट वाकत नाही, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी त्या मशीनला मीच हात घातला. हे दवाखान्यातल्या पलंगावरून फोनवर, आधी इंजिन बंद कर, लीव्हर हलवून प्रेशर सोड, मग पाइप बदल, आणि चालू केल्यावर पुठ्ठा फिरव, हात नाही, समजलं का, पुठ्ठा. मी म्हटलं समजलं, रडू नका. रडत होते फोनवर. मशीनचा हात वर गेला आणि तिथंच थांबला. पटेलजी म्हणाले, अब ले जाऊँ? मी म्हटलं थांबा, अजून पाणी बघायचंय.

आता तेल माझ्याकडे आणि पाणी ह्यांच्याकडे, कारण त्या बोटानं पाना धरवत नाही ना. मापाचा मग नोझलखाली धरून बसतात, डोळे बारीक करून बघतात, मला बोलावतात, ये गं, हे सारखं आहे का बघ. मुलगी विजय नगरला नोकरीला आहे, म्हणते आई, आता बंद करा आणि घरी बसा. मी म्हणते घरी बसून काय, दिवसभर दोघं भांडू? इथं निदान काम होतं भांडता भांडता. खजरान्याच्या गणपतीला जाते तेव्हा काही मागत नाही मी, हात जोडते नि म्हणते, बघतोयस ना, असंच राहू दे.