लेथ मशीनची चावी

शौक म्हणून जुनी लेथ मशीन घरी आणली ना बाप्पा, मंग मले बसवलंच नाई. टिनाच्या छपरावर माकडं टपून होते, म्हणून बायको अंगणात काठी घेऊन कुरड्या राखून राह्यली होती.

"आधी कोणाले तरी इचारून घ्या," ती म्हणे.

पण मले धीर कुठी? लोखंडाची सळाख मशीनच्या चकात, म्हंजे फिरत्या पकडीत घातली, चावीनं कसली, अन् चावी तशीच अडकवून बटन दाबलं. चावी सुटली ते थेट वरच्या टिनावर आदळली! सारे माकडं चिंचेवर पळाले. मी भिंतीले चिपकलो.

बायको धावत आली. वाटलं, आता मशीन भंगारात जाते. तिनं मले वरून खालपर्यंत पाह्यलं, मंग बाहेर जाऊन रिकामं टिन पाह्यलं.

"उद्या पापड हायेत," म्हणे. "उद्याबी एक उडवजा."