ओळखली का ही बाज?

माझं म्हायेर माणचं, दिलं कुरुळीला, नाव कोंडाबाई, आन तोंडानं पहिल्यापास्नं अशीच फटकळ, सासू म्हनायची, हिला जीभ देताना देवानं हात आखडला न्हाई. काय सांगू तुमाला, तुमी बसलाय न्हवं, हीच ती बाज. लग्नात बापानं दिलेली, बाभळीची, सुंभानं इनलेली. माझी बाळंतपनं हिच्यावरच झाली, पाव्हना आला की हीच अंगनात टाकायची. मतं मागाया मेंबरसाहेब आलं तवा बी हिच्यावरच बसलं, माझ्या हातचा च्या प्यालं आन म्हनलं, वयनी, चाकणला मोठा दवाखाना करतो, खाटा कमी पडायच्या न्हाईत. निवडून आलं, आन मग कुठलं साहेब आन कुठल्या खाटा!

पुढं आमच्या मालकांना मुदतीचा ताप भरला. डोळं उघडंनात. बैलगाडीत धक्के बसतील म्हनून चौघांनी बाजंसकट खांद्यावर घेतलं आन निघालो चाकणला. वाटंत मानसं बाजूला सरून हात जोडाया लागली. मी वरडले, आरं मुडद्यांनो, जित्ता हाय माझा धनी, नमस्कार कसला घालताय! आता हसू येतंय, तवा काळजाचं पानी झालं व्हतं.

दवाखान्यात खाटा चारच, चारी भरलेल्या. डॉक्टर भला मानूस, म्हनला, बाई, खाट रिकामी नाही, पुण्याला न्या. म्हनलं, पुण्यापतूर ह्ये जगत्याल का? त्यो परत नाडी बघाया लागला. मग मीच म्हनलं, खाट न्हाई तर नसू द्या, आमी आमची आनलीया की, तुमी निस्ती सुई टोचा. हासला बिचारा, म्हनला, ठेवा व्हरांड्यात.

आमचं बघून दुसरी बी आपापल्या बाजा घिऊन आली, व्हरांड्यात पाय ठिवाया जागा उरंना. आन एक दिस मेंबरसाहेब आलं दवाखाना बघाया, गळ्यात हार, मागं मानसं. मालक तवा नुकतं पेज प्याया लागलं व्हतं. मी म्हनलं, या साहेब, बसा. सगळी बघत व्हती, न्हाई कसं म्हनत्याल, बसलं पायथ्याला. म्हनलं, ओळखली का ही बाज? हिच्यावर बसूनच खाटा कबूल केल्या व्हत्या तुमी. साहेबांचं तोंड एवढुसं झालं. एकटी मी असते तर उठून गेलं असतं, पर बाजंबाजंवरच्या बाया बोलाया लागल्या, डॉक्टरनं बी तोंड उघडलं, म्हनला, साहेब, खोली तेवढी बांधा, बाकी मी बघतो.

झाली बाबा खोली! लोखंडी खाटा आल्या. आन मालक आपल्या पायानं चालत घरी आलं, मागनं रिकामी बाज. त्यो दिस आठवला की अजून छाती हलकी हुती.

आता परत मतं आलीत, साहेब येनार म्हनं. येऊ द्या, च्या करीन, चांगलं केलं त्याला चांगलंच म्हनावं. मालक म्हनत्यात, आता त्यो गडी बसायचा न्हाई गं, उभ्यानंच मतं मागंल. म्हनलं, बसू दे न्हाईतर उभा ऱ्हाऊ दे, देवा, दवाखान्यातल्या खाटा तेवढ्या रिकाम्या ऱ्हाऊ दे.