धुरकट रोल

तान्ह्याला थोपटत कुमुद धुळ्याच्या स्टँडवर रांगेत उभी होती. पुढचे शेठजी आणि त्यांची लेक हळू बोलत होते, तरी कानावर येतच होतं.

"बाबूजी, मोरीत अंधार करून कॅमेऱ्याचा रोल धुतलात ना? आईचा चेहरा आला?"

"नाही बेटा. सोळा वर्षं जुना रोल. सगळं धुरकट आलं."

"तेव्हाच स्टुडिओत का नाही दिलात?"

"त्यात तिनं घुंगट वर केला होता. परक्यानं पाहिलं असतं."

"बाकी सगळ्या फोटोंत घुंगटच आहे. ती गेली तेव्हा मी पाळण्यात होते. मी तिला कुठं पाहू?"

शेठजींची मान खाली गेली.

"एका फोटोत तेवढा तिचा हात आलाय. बांगड्यांसकट."

"काय करतेय?"

"घुंगट पुढे ओढतेय. मीच खेकसलो होतो, कोणी येतंय म्हणून."